जुनी मोटारगाडी आणि ध्वनियंत्रणा : फेरफाराच्या इतिहासाचा एक मागोवा

प्रास्ताविक

मोटारगाडीच्या इतिहासलेखनात इंजिन, सांगाडा, बांधणी आणि वेग यांचा जेवढा विचार झाला, तेवढा गाडीच्या आत वाजणाऱ्या आवाजाचा झालेला नाही. रेडिओ, टेप आणि स्टिरिओ यांना चैनीची जोड समजून बाजूला ठेवण्याचीच प्रथा पडली. प्रत्यक्षात जुन्या गाडीच्या अंतर्भागात जे फेरफार आढळतात, त्यांतील मोठा भाग या ध्वनियंत्रणेपायीच झालेला असतो. डॅशबोर्डचा कापलेला पत्रा, दाराच्या आतील आच्छादनावर पाडलेली वर्तुळे, मागील काचेखालच्या फळीवर बसवलेली खोकी, पायापाशी लोंबणाऱ्या बेवारस तारा या खुणा प्रत्येक जुन्या गाडीत कमीअधिक प्रमाणात असतात. दस्तऐवजाच्या समासात वेगवेगळ्या हातांनी केलेल्या नोंदींवरून अभ्यासकाला त्याचा प्रवास कळतो. त्याच रीतीने या खुणांवरून ती गाडी कोणकोणत्या दशकांतून गेली हे सांगता येते.

ऐतिहासिक मोटारगाड्यांच्या जतनाची चळवळ वाढू लागल्यापासून एका प्रश्नावर सातत्याने वाद होत आला आहे. जुन्या गाडीत नवा स्टिरिओ व स्पीकर बसवावेत काय? एका पक्षाच्या मते त्यामुळे गाडीचे मूळपण नष्ट होते. दुसरा पक्ष म्हणतो की रेडिओ हा मुळातच बाहेरून जोडलेला भाग होता. ज्या वस्तूत पूर्वी भर घालणे चालले, तिच्यात आज घातली तर बिघडले कोठे? दोन्ही पक्ष इतिहासाचा आधार घेतात. तो इतिहास नेमका काय आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

बाहेरून आलेला रेडिओ

१९२० च्या दशकात अमेरिकेत हौशी लोकांनी गाडीत रेडिओ नेण्याचे अनेक प्रयत्न केले. परंतु व्यापारी यश मिळण्याच्या दृष्टीने १९३० हे वर्ष महत्त्वाचे आहे. शिकागो येथे १९२८ साली पॉल गॅल्विन व त्यांचे बंधू जोसेफ यांनी गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन स्थापन केली होती. घरगुती रेडिओ विजेवर चालवण्यासाठी लागणारे उपकरण हे तिचे पहिले उत्पादन. मंदीच्या तडाख्यात तो धंदा खालावला, तेव्हा गॅल्विन मोटारगाडीच्या रेडिओकडे वळले. १९३० च्या जूनमध्ये अटलांटिक सिटी येथे रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले असता, आपल्या स्टुडबेकर गाडीत संच बसवून ते तेथे गेले. त्या संचाला दिलेले 'मोटोरोला' हे नाव पुढे १९४७ साली कंपनीचेच नाव झाले.

या संचाची किंमत ११० ते १३० डॉलरच्या दरम्यान होती. त्या काळात फोर्डची मॉडेल ए ही नवी गाडी सुमारे पाचशे डॉलरला मिळे. हे प्रमाण ध्यानात घेतले की संच बसवणारा कारागीर गाडीवर आरी चालवण्यास का कचरत नव्हता ते समजते. पैशाच्या हिशेबात रेडिओ हा गाडीचा लहानसा भाग नव्हताच.

बसवण्याचे कामही मोठे होते. डॅशबोर्ड उतरवावा लागे. व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च दाबासाठी वेगळ्या बॅटऱ्या जमिनीच्या फळीखाली ठेवाव्या लागत आणि त्यासाठी फळी कापावी लागे. संच एकीकडे, स्पीकर दुसरीकडे आणि कळा तिसरीकडे अशी विभागणी असे. एरियल छताच्या अस्तरात शिवलेले असे. कित्येकदा ती केवळ कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी असे. छत लाकूड आणि कापडाचे होते तोवर हे चालले. १९३५ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या गाड्यांना अखंड पोलादी छत आले आणि छतातील एरियल एकाएकी निरुपयोगी ठरले, कारण पोलादाच्या आड रेडिओलहरी पोहोचत नव्हत्या. मग एरियल पायफळीखाली गेले आणि पुढे बाहेरच्या उभ्या कांबीच्या रूपात स्थिरावले. त्या कांबीसाठी मडगार्डला किंवा बॉनेटलगतच्या पत्र्याला पाडलेले भोक आज 'मूळचे' मानले जाते, हे येथे नोंदवण्यासारखे आहे.

दुसरी अडचण इंजिनाची होती. स्पार्क प्लगमध्ये दर क्षणी पडणारी ठिणगी ही स्वतःच एक लहानसे प्रक्षेपण केंद्र असते. तिची खरखर दाबण्यासाठी प्लगवर व वितरकावर रोधक आणि डायनॅमोवर संधारित्र बसवावे लागे. म्हणजे रेडिओ बसवणे हे काम डॅशबोर्डपुरते राहत नसे, ते इंजिनापर्यंत पोहोचे. पुढे 'व्हायब्रेटर' नावाचा कंपक आला. सहा व्होल्टचा एकदिश प्रवाह तो सेकंदाला शंभराहून अधिक वेळा तोडून रोहित्राकडे देई आणि त्यातून दोनशेच्या वर व्होल्ट मिळत. वेगळ्या बॅटऱ्यांची गरज संपली. रेडिओ सुरू करताच ऐकू येणारी बारीक गुणगुण ही या कंपकाचीच.

युरोपात १९३२ साली बर्लिनच्या 'इडिआल' कंपनीने, म्हणजेच पुढे ब्लाउपुंक्ट नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने, ए एस ५ हा संच आणला. त्याचे वजन सुमारे १५ किलो आणि किंमत ४६५ राइशमार्क होती. संच इतका बोजड की तो चालकाच्या हाताशी ठेवणे शक्यच नव्हते. म्हणून सुकाणूच्या दांड्यावर कळा बसवून त्या तारेने संचाला जोडल्या गेल्या. सुकाणूवरील कळा ही अलीकडची सोय आहे असे समजणाऱ्यांनी हा संच जरूर पाहावा.

चालकाचे लक्ष विचलित होते हा आक्षेपही तेव्हापासूनचा आहे. १९३० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यात व सेंट लुई शहरात गाडीतील रेडिओवर बंदी घालण्याचा विचार झाला होता. तो टिकला नाही.

एका स्पीकरपासून दोनांकडे

१९५० च्या दशकाच्या मध्यास तीन बदल जवळजवळ एकाच वेळी घडले. अमेरिकी गाड्यांची विद्युतयंत्रणा सहा व्होल्टवरून बारावर गेली. १९५५ साली फिल्को कंपनीने पूर्णतः ट्रान्झिस्टरवर चालणारा संच जाहीर केला; तो क्रायस्लरच्या १९५६ च्या इम्पीरियल गाडीत १५० डॉलरला मिळे. आणि त्याच वर्षीच्या गाड्यांत क्रायस्लरने 'हायवे हाय-फाय' हा तबकडीवादक दिला. सीबीएसच्या प्रयोगशाळेतील पीटर गोल्डमार्क यांनी त्यासाठी सात इंचाची, मिनिटाला १६ पूर्णांक २ तृतीयांश फेरे घेणारी तबकडी तयार केली होती. तिच्या एका बाजूवर पाऊण तासापर्यंत संगीत मावे. मात्र तबकड्या एकट्या कोलंबिया कंपनीच्याच मिळत. श्रोत्याला काय ऐकायचे याची निवड प्रथमच गाडीत उपलब्ध झाली, पण ती दुकानदाराच्या यादीपुरतीच. हा प्रयोग काही वर्षांतच गुंडाळला गेला.

तोपर्यंत गाडीत स्पीकर एकच असे. तो डॅशबोर्डच्या मध्यभागी, काचेकडे तोंड करून बसवलेला असे आणि काचेवर आपटलेला आवाज आत पसरे. एकाच मार्गाने येणाऱ्या ध्वनीसाठी ही रचना पुरेशी होती. स्टिरिओला ती अपुरी पडते, कारण डाव्या व उजव्या ध्वनीसाठी दोन स्वतंत्र स्पीकर आणि त्यांत काही अंतर हवे असते. हा तांत्रिक फरक दिसतो लहान, परंतु जुन्या गाड्यांच्या दृष्टीने खरा विभाजनबिंदू तोच होय. रेडिओने डॅशबोर्ड घेतला होता. स्टिरिओने दारे घेतली.

१९६२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील अर्ल मंट्झ यांनी चार मार्गिकांची टेपपेटी गाडीत वाजवणारा 'स्टिरिओ-पॅक' विकण्यास सुरुवात केली. तिच्यात सुधारणा करून विल्यम लीअर यांनी आठ मार्गिकांची पेटी घडवली. हे तेच लीअर, ज्यांचा १९३० च्या मोटोरोला संचाच्या घडणीत वाटा होता आणि ज्यांच्या नावाची विमाने पुढे प्रसिद्ध झाली. फोर्डने ही यंत्रणा १९६६ च्या गाड्यांत देऊ केली, ती मोटोरोलाने बनवलेली होती. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेली कॅसेट १९६८ मध्ये गाडीत आली आणि पुढे तिने आठ मार्गिकांच्या पेटीला बाजारातून हटवले.

कारखान्यातून स्टिरिओ घेऊन निघालेल्या गाड्या थोड्या होत्या. रस्त्यावर असलेल्या बाकीच्या असंख्य गाड्यांत तो नंतर बसवला गेला. त्यांच्या डॅशबोर्डवर दोन गोल दांड्यांसाठी दोन भोके आणि मध्ये एक अरुंद आयत एवढीच जागा होती. जर्मन मानकातून आलेला आणि पुढे आयएसओ ७७३६ म्हणून ओळखला गेलेला संच सुमारे १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच असतो. तो त्या जागेत बसत नाही. दोन भोके आणि आयत यांच्यामधला पत्रा कापला की बसतो. १९७० व १९८० च्या दशकांत जगभरच्या गॅरेजांत हा पत्रा कापला गेला, आणि एकदा कापलेला पत्रा पूर्ववत करणे हे फार खर्चिक काम आहे.

भारतातील संदर्भ : रेडिओकडून 'टेप'कडे

भारतात हा क्रम काहीसा वेगळा घडला. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने असा कोणताही संच परवान्याविना बाळगण्यास बंदी होती. बंधन बाळगण्यावरच असल्यामुळे गाडीतील संचही त्याच्या कक्षेत येई. रेडिओ परवान्याची ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि गाडीत ऐकण्याजोगे पुष्कळ काही निर्माण झाले, परंतु ते एकाच मार्गाचे प्रसारण होते. देशातील पहिले एफएम केंद्र १९७७ साली मद्रास येथे निघाले. मुंबईत एफएम लोकप्रिय होण्यास १९९३ नंतर खाजगी निर्मात्यांना वेळ देण्यात येईपर्यंत थांबावे लागले. परिणामी भारतातील गाडीत स्टिरिओ ध्वनी प्रथम आला तो कॅसेटच्या मार्गाने. 'गाडीत स्टिरिओ आहे' याचा बोलीतला अर्थ म्हणूनच बराच काळ 'गाडीत टेप आहे' असा होता. शब्दाच्या अर्थातही तंत्रज्ञानाचा इतिहास कसा साचून राहतो याचे हे चांगले उदाहरण आहे.

मुंबईच्या कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० ची जी आवृत्ती बनत होती, तिला १९७४ साली 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. खाजगी गाडी व काळी-पिवळी टॅक्सी या दोन्ही रूपांत ती मुंबईच्या रस्त्यांवर वावरली. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. संगीताचा बाजार तिने कसा बदलला याचे विवेचन पीटर मॅन्युएल यांनी आपल्या १९९३ च्या ग्रंथात केलेले आहे. त्या बदलाची एक बाजू या गाड्यांच्या अंतर्भागातही दिसते. लॅमिंग्टन रोडवरून संच आणि स्पीकर घ्यावेत, ओळखीच्या वायरमनकडून बसवून घ्यावेत, ही सर्वसाधारण रीत होती. मागच्या काचेखालची फळी स्पीकरना सोयीची ठरली, कारण तेथे दाराचा पत्रा कापावा लागत नसे आणि डिकीची पोकळी आवाजाला आपोआप भरीवपणा देई. वायरमनला ध्वनिशास्त्र शिकवलेले नसेल, पण खोक्याविना स्पीकर पोकळ वाजतो हे त्याला पक्के ठाऊक होते.

विजेचा हिशेब

आजच्या काळात जुन्या गाडीत ध्वनियंत्रणा बसवताना आवाजाच्या आधी विजेचा विचार करावा लागतो. येथे इतिहास व तंत्र यांची गाठ पडते.

पहिला मुद्दा ध्रुवतेचा. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. एमजीबीसारखी लोकप्रिय गाडीही १९६७ मध्येच ऋण अर्थिंगकडे वळली. जुन्या काळच्या अनेक ब्रिटिश संचांत ध्रुवता पालटण्याची सोय असे. आजच्या संचांत ती नसते. त्यांचे धातूचे आवरण हेच ऋण टोक असते. धन अर्थिंगच्या गाडीत असा संच नेहमीप्रमाणे तार जोडून पत्र्याला आवळला तर संच जळतो, आणि फ्यूज नसल्यास तारा पेटतात. यावर दोन मार्ग आहेत. संपूर्ण गाडीची ध्रुवता बदलणे, किंवा अर्थिंगपासून अलग राहणारा परिवर्तक वापरून संच एकाकी ठेवणे. पहिल्या मार्गात अँमीटरच्या जोडण्या उलट कराव्या लागतात आणि डायनॅमोला नव्याने ध्रुवण द्यावे लागते, पण कापाकापी होत नाही.

दुसरा मुद्दा शक्तीचा. लुकासचा सी ४० हा त्या काळचा सर्रास आढळणारा डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, आणि तेही इंजिन वेगात असताना; गाडी सिग्नलला उभी असता तो जवळजवळ काहीच देत नाही. ४५ वॉटचे दोन पुढचे दिवे एकटेच साडेसात अँपिअर घेतात. आता प्रत्येकी ५० वॉटच्या चार मार्गांचा, जुन्या पद्धतीचा अँप्लिफायर जोडला असे मानले, तर पूर्ण आवाजात त्याची मागणी तीस अँपिअरच्या आसपास जाते. संगीत सतत पूर्ण क्षमतेने वाजत नाही हे खरे. तथापि रात्रीच्या पावसात दिवे, वायपर आणि गाणे या तिन्हींची सोय तो डायनॅमो करू शकत नाही. अशा वेळी पुष्कळ मालक डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवतात. स्टिरिओसाठी सुरू झालेला फेरफार याप्रमाणे इंजिनापर्यंत जातो, अगदी १९३० साली गेला होता तसाच.

तिसरी गोष्ट स्पीकरच्या रोधाची. डेल्कोच्या अनेक जुन्या ट्रान्झिस्टर संचांना १० ओहमचा स्पीकर लागतो. फाटलेल्या कागदी शंकूच्या जागी आज सहज मिळणारा ४ ओहमचा स्पीकर लावला तर संचाला झेपणार नाही एवढा प्रवाह वाहतो आणि निर्गम ट्रान्झिस्टर जळतो. मूळ संच 'खराब निघाला' म्हणून फेकून देण्याचे प्रसंग या एका चुकीने घडतात.

मूळपणाचा प्रश्न

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरीन सनदेत या विषयावर समंजस भूमिका घेतलेली आहे. वापरासाठी फेरफार आवश्यक असेल तर तो मूळ रचनेशी व रूपाशी सुसंगत असावा, शक्यतो परत फिरवता यावा, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत जपून ठेवावेत, असे तिचे सूत्र आहे. भारतात २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या, बिगरव्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हीए' ही नोंदणीमालिका निर्माण झाली. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, ही तिची अट आहे. रेडिओचा उल्लेख त्यात नाही. स्पीकरसाठी कापलेला दाराचा आतला पत्रा हा बॉडीतील बदल म्हणायचा काय, याचे उत्तर नियमाच्या शब्दांतून सरळ मिळत नाही. काटेकोर वाचन केल्यास एक भोक हा मोठा बदल ठरू नये.

आरंभी नोंदवलेल्या दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद येथे तपासता येतो. रेडिओ ही मूळची भर होती, हे वरील इतिहासावरून निर्विवाद आहे. परंतु त्यावरून आजची कापाकापी समर्थनीय ठरत नाही. १९३० चा कारागीर एक वापरातली, नवी वस्तू सुधारत होता. तशाच हजारो गाड्या कारखान्यातून बाहेर पडत होत्या. आजचा कारागीर संख्येने मर्यादित आणि पुन्हा न बनणाऱ्या वस्तूवर काम करतो, आणि ते त्याला ठाऊक असते. पहिल्या पक्षाचेही मत जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. ज्या गाडीत प्रवास करणे तिच्या मालकाला असह्य वाटते, ती शेडमध्ये गंजत पडते. न चालवलेल्या गाडीचे रबर आणि ब्रेक वापरातल्या गाडीच्या आधी जातात.

सुदैवाने हा तिढा सोडवणारी साधने आता उपलब्ध आहेत. जुन्या संचाचा दर्शनी भाग, कळा आणि काटा तसाच ठेवून आत आधुनिक परिपथ बसवता येतो. दोन दांड्यांच्या जुन्या जागेत मावणारे नवे संच मिळतात. पोर्शे कंपनीने २०१५ मध्ये आपल्या जुन्या गाड्यांसाठी असा संच स्वतःच बाजारात आणला. डॅशबोर्डमधील मूळच्या एकाच भोकात दोन वेटोळ्यांचा स्पीकर बसवून डावा-उजवा दोन्ही मार्ग त्यातून वाजवता येतात. त्यात खरी स्टिरिओची रुंदी येत नाही, एवढी तडजोड पत्करावी लागते. आसनाखाली लपवलेला अँप्लिफायर आणि पायाजवळच्या बाजूपट्टीवर, मूळ पट्टी काढून बसवलेली स्पीकरसह नवी पट्टी हा आणखी एक मार्ग होय. मूळ पट्टी माळ्यावर राहते.

खरी अडचण आधीच कापल्या गेलेल्या गाड्यांची आहे. १९७४ नंतर रस्त्यावर आलेल्या पहिल्या पद्मिनी गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली असून त्या 'व्हीए' मालिकेच्या वयोमर्यादेत येऊ लागल्या आहेत. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती सेवेतून बाद झाली. अशी एखादी टॅक्सी संग्रहालयासाठी राखायची झाल्यास तिच्या मागच्या फळीवरील स्पीकर आणि डॅशबोर्डखाली पट्टीने टांगलेला टेप काढून ती कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तशी करायची, की वीस वर्षे शहरात फिरली तशी ठेवायची? कारखान्याचे रूप रेखाचित्रांतून व माहितीपुस्तिकांतून परत उभे करता येईल. वायरमनने जोडलेल्या तारांचा आराखडा मात्र त्या गाडीखेरीज अन्यत्र कोठेही नोंदलेला नाही.